एकोणसाठ मण्यांची थोरली

आमच्या घरात वयानं आणि मानानं सगळ्यांत थोर कोण, असं विचारलं तर मी वेदीच्या उजव्या बाजूच्या खिळ्याकडे बोट दाखवीन. तिथे ती असते. काळपट लाकडी मणी, जागोजागी हिरवट पडलेली पितळी तार, टोकाला हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला क्रूस. 1958 साली आजी लग्न होऊन वसईतल्या या घरात आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत लाल लुगड्यांच्या घडीत ही रोझरीची माळ होती. लुगडी फाटून त्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्याही विरल्या. कौलारू घराचं स्लॅबचं घर झालं. वाडीतली विहीर बुजली, केळीच्या बागेच्या निम्म्या जागेत चुलत्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. माळेनं हे सगळं त्याच खिळ्यावरून, म्हणजे प्रत्येक नव्या भिंतीत पुन्हा ठोकलेल्या त्याच खिळ्यावरून, पाहिलं.

दिसायला ती साधी आहे. लग्नात भेट म्हणून हल्ली चांदीच्या, स्फटिकाच्या, बेथलेहेमहून आणलेल्या ऑलिव्हच्या लाकडाच्या माळा येतात. त्यांच्यापुढे ही अगदी शेतकरीण. तिसऱ्या दशकातला, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या गटातला, मधला एक मणी निळ्या काचेचा आहे. मूळचा हरवला तेव्हा आजीनं आत्याच्या लहानपणच्या गळ्यातल्या सरातला एक ओवला. दिवे गेलेले असले तरी बोटांना कळतं, निळा आला, निम्मी झाली.

तिचा स्वभाव म्हणाल तर हट्टी आहे. घाईतल्या माणसाला ती सूट देत नाही. पन्नास नाही, त्रेपन्न म्हणजे त्रेपन्न. सुरेल गळ्याचं तिला कौतुक नाही, शहाण्या माणसाची मातब्बरी नाही. तिला हवं असतं एवढंच, की सांगणारा एक असावा आणि उत्तर देणारा दुसरा असावा. एकट्यानं ती म्हणता येते, लोकलमध्ये खिडकीपाशी बसून कितीतरी जण म्हणतात. पण घरात म्हणण्याची तिची रीत दोन बाजूंची आहे. ज्यांनी ती ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लहान मण्यावर 'नमो मारिया' म्हणतात. या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणजे देवदूतानं आणि एलिझाबेथनं मरियेला केलेलं वंदन. तो सांगणारा म्हणतो आणि थांबतो. दुसरा अर्धा म्हणजे आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी प्रार्थना कर, ही विनवणी; ती बाकीच्यांनी म्हणायची. असे लहान मणी त्रेपन्न. म्हणजे त्रेपन्न वेळा एकानं आपलं बोलणं मध्यावर सोडून दुसऱ्याच्या हाती द्यायचं आणि दुसऱ्यानं ते पुरं करून परत करायचं. मोठे मणी सहा, त्यांवर प्रभूनं शिकवलेली प्रार्थना; तीही तशीच दुभागलेली. जुन्या काळी मठांत दीडशे स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं अशा साध्या माणसांनी त्या जागी दीडशे 'नमो मारिया' म्हणायला सुरुवात केली. अक्षरओळख नसलेल्यांनी वाढवलेली प्रार्थना आहे ही, आणि माझी आजी त्यांच्यातलीच.

लग्न ठरलं तेव्हा मी आणि माझा नवरा रीतीप्रमाणे विवाहपूर्व शिबिराला गेलो. डॉक्टर बोलले, वकील बोलले, समुपदेशक बोलले, फादरांनी विवाहसंस्काराचा अर्थ सांगितला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. आम्हा कॅथलिकांत हा संस्कार फादर देत नाहीत. वधू-वर तो एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीनं साक्षी असतात. ते ऐकताना मला घरची माळ आठवली. एकमेकांना देणं हे वेदीपुढे एका सकाळी होतं, पण त्यानंतरच्या हजारो संध्याकाळी ते कसं चालू ठेवायचं, हे मी तिच्याकडे पाहत वाढले होते.

आत्या एक संध्याकाळ सांगते. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. आजोबांनी केळीच्या पैशांतून धाकट्या भावाला मोठी रक्कम दिली होती, आजीला न सांगता. आजीनं ते पैसे मनात आत्याच्या लग्नाला लावून ठेवलेले. तिला कळलं ते विहिरीवर, शेजारणीच्या तोंडून. तीन पहाटे ती नेहमीप्रमाणे फुलांची टोपली घेऊन दादरच्या बाजाराला गेली, आली, स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण आजोबांशी एक शब्द बोलली नाही. आजोबाही मानी. मुलांच्या मार्फत निरोप चालले होते, ‘विचार तुझ्या आईला, विळा कुठाय.’

आणि रोज संध्याकाळी सात वाजता माळ होतीच. पहिल्या संध्याकाळी आजीनं डोकं दुखतंय म्हणून अंग काढलं. दुसऱ्या संध्याकाळी पाहुणे होते, त्यांनी उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी कुणी नव्हतं. आजोबांनी खिळ्यावरून माळ काढली, गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली, विश्वासांगीकार म्हटला, पहिल्या मोठ्या मण्यावर प्रभूच्या प्रार्थनेचा आपला अर्धा भाग म्हटला आणि थांबले.

आता त्या प्रार्थनेची फाळणी कुठे होते ते लक्षात घ्या. देवाच्या नावाचा, राज्याचा, इच्छेचा भाग सांगणाऱ्याकडे जातो. रोजची भाकरी मागण्याचा, आणि आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा मिळो असं म्हणण्याचा भाग उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणजे तो आजीच्या वाट्याला आला. आत्या सांगते, मुलांनी श्वास धरले होते. मुलांनी उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. बऱ्याच वेळानं आजी बोलली. भराभर, रागानं, भिंतीकडे बघत. पण बोलली. आजोबांनी पुढचा मणी धरला.

आमच्याकडे दर दशकाला सांगणारा बदलतो. पहिलं दशक आजोबांचं, दुसरं आजीचं. दुसऱ्या दशकाला आजीनं सुरुवात केली आणि क्षमेचं ते वाक्य आजोबांच्या तोंडी आलं. ज्यानं चूक केली होती त्यानं मुलाबाळांसमोर, बायकोपाठोपाठ, स्वतःसाठी क्षमा मागितली. प्रार्थनेच्या आडून मागितली, हे खरं. पण आडून मागायला जागा मिळाली नसती तर त्यांच्यासारख्या माणसानं ती मागितलीच नसती. पाचव्या दशकापर्यंत दोघांचे आवाज एका लयीत आले होते. पैशांचं भांडण त्यानं मिटलं नाही. ते पुढे महिना-दीड महिना चाललं, वाद झाले, हिशेब झाले, धाकट्या भावानं अर्धी रक्कम परत केली. पण अबोला त्या रात्री संपला. आजीनं जेवताना स्वतःच्या तोंडानं विचारलं, ‘भात वाढू का?’

एफेसकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल सांगतो की रागावर सूर्य मावळू देऊ नका. मला नेहमी वाटतं, या उपदेशाला वेळ आहे आणि आमच्या माळेला तीच वेळ नेमलेली आहे. राग येऊच नये असं तो म्हणत नाही. राग येणार, पण त्याला रात्रीचा मुक्काम द्यायचा नाही. पोप फ्रान्सिस यांनीही जोडप्यांना कितीदा तरी हेच सांगितलं, समेट केल्याशिवाय दिवस संपवू नका. आणि परवानगी, आभार, माफी हे तीन शब्द घरात वापरात ठेवा. 2016 च्या ‘आमोरिस लेतितिया’ या पत्रात त्यांनी करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय घेऊन एकेका शब्दावर थांबत विवेचन केलं आहे. लग्नाच्या मिस्सेत तो अध्याय आपण इतकेदा ऐकतो की सहनशील, परोपकारी हे शब्द कानावरून घसरतात. आजीला ते विवेचन माहीत नव्हतं. पण रागात असूनही आपला अर्धा भाग म्हणायचा, ही सहनशीलता तिच्या जिभेला ठाऊक होती.

एफेसकरांच्या त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायातलं, पत्नीनं पतीच्या अधीन असावं हे वचन आमच्या समाजातल्या पुरुषांना तोंडपाठ असतं. त्याच्या आधीचं वचन, ज्यात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन राहावं असं म्हटलंय, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. माळेला ते आठवतं. तिच्या राज्यात एकच जण कायम सांगणारा आणि एकच जण कायम उत्तर देणारा नसतो.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. अमेरिकेत फादर पॅट्रिक पेटन यांनी 1942 साली कुटुंबांसाठी रोझरीची मोठी चळवळ सुरू केली. एकत्र प्रार्थना करणारं कुटुंब एकत्र राहतं, हा तिचा घोष जगभर गेला, आमच्या चर्चच्या भिंतींवरही आला. त्यात तथ्य आहे, माझं घर त्याचा पुरावा आहे. पण मार खाणाऱ्या बाईच्या हातात माळ देऊन तिला परत त्याच घरात पाठवणाऱ्या मावश्या आणि काकवा मी पाहिल्या आहेत, आणि माळेचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही. चर्चचा स्वतःचा कायदाही तसं सांगत नाही. 1983 च्या धर्मविधीसंहितेतलं 1153 वं कलम म्हणतं की जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका निर्माण करत असेल, तर वेगळं होण्याला ते न्याय्य कारण आहे. दोन्ही अर्धे भाग एकटीनंच म्हणायचे आणि वर गप्पही बसायचं, ही माळेची रीत नव्हे.

प्रत्येक दशकाला ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या जीवनातली एक घटना मनापुढे ठेवायची असते, तिला आम्ही रहस्य म्हणतो. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. माळ एरवी मितभाषी, पण या रहस्यांमधून ती संसाराबद्दल बरंच सांगून जाते. आनंदाच्या पाचव्या रहस्यात बारा वर्षांचा येशू हरवतो. सण संपवून सगळे यरुशलेमहून परत निघालेत, आईबाबांना वाटतंय पोरगा सोबतच्या माणसांत असेल, आणि दिवसभर चालून गेल्यावर कळतं की तो नाही. परत फिरायचं, शोधायचं. तो तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडतो. मुलगा बाजारात दोन मिनिटं दिसेनासा झाला तर नवरा-बायको एकमेकांना काय बोलतात, ते ज्यांना मुलं आहेत त्यांना ठाऊक आहे. मरिया मुलाला रागावते, पण त्या रागावण्यातही ती म्हणते की तुझे वडील आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो. योसेफाचा उल्लेख आधी. ‘तुमचं लक्ष कुठे होतं’ हे तिनं त्या तीन दिवसांत म्हटलं की नाही, शुभवर्तमान सांगत नाही. मुलापुढे मात्र तिनं दोघांचं दुःख एकच धरलं. आणि योसेफ? चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नाही. तो झोपेतून उठतो आणि सांगितलेलं करतो, एवढंच.

प्रकाशाची रहस्ये उशिरा आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 च्या ऑक्टोबरात ती जोडली आणि गुरुवार त्यांना दिला. आजोबांना तो बदल पचायला वेळ लागला. चव्वेचाळीस वर्षं गुरुवारी आनंदाची रहस्ये म्हटली होती. आजीला मात्र ती लगेच आवडली, कारण त्यांत दुसरंच रहस्य काना गावच्या लग्नाचं आहे. तिनं आयुष्यभर लग्नघरांच्या चुलीपुढे राबून काढलेलं. पंगतीत मध्येच काही संपलं तर यजमानाच्या तोंडावर काय येतं ते तिनं पाहिलं होतं. काना गावच्या त्या लग्नात द्राक्षारस संपला. हे सगळ्यांच्या आधी मरियेच्या ध्यानात आलं. तिनं कुणाला दोष दिला नाही, गवगवा केला नाही, जिथे सांगायचं तिथे सांगितलं. आजीला त्या कथेत हेच मोठं वाटे, की कमी पडलेलं आधी दिसलं पाहिजे. आजोबांचा सदरा खांद्यावर विरला आहे, आजीचा पाय पावसाळ्यात जास्त दुखतो, हे मागितल्याशिवाय दिसणं.

मला त्या कथेतले रांजण जास्त दिसतात. सहा दगडी रांजण. आजच्या मापानं प्रत्येकात ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावेल असे. येशू म्हणाला, भरा, आणि चाकरांनी ते काठोकाठ भरले. म्हणजे पाचशे लिटरच्या आसपास, कदाचित त्याहूनही जास्त पाणी माणसांनी विहिरीवरून ओढून, वाहून आणलं. चमत्कार त्यानंतरचा. आमच्या वाडीत पंप येण्याआधी आजी-आजोबांनी पानवेलींना पाणी घातलेलं मला आत्यानं सांगितलंय, एक जण उपसणार, दुसरा पाटानं फिरवणार. आजी गुरुवारी दुसऱ्या रहस्यावर आली की तिचा आवाज किंचित मोठा होई.

2008 साली आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. पाणी हवं असलं तर त्यांना ‘पाणी’ म्हणता येईना. तोंडातून भलताच आवाज निघे आणि त्यांच्या डोळ्यांत संताप येई. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी आजीनं खाटेजवळ खुर्ची घेतली, माळ काढली, पहिला अर्धा भाग म्हटला आणि सवयीनं थांबली. आणि आजोबांनी दुसरा अर्धा म्हटला. तुटक, लाळ गाळत, पण शब्दाला शब्द. आम्ही सगळे धावत आलो. पुढे वाचोपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं की असं होतं. जे शब्द आयुष्यभर पाठ म्हटलेले असतात, ते कित्येकदा झटक्यानंतरही वाचतात, कारण ते मेंदूत वेगळ्या वाटेनं साठवलेले असतात. पन्नास वर्षांच्या रोजच्या प्रार्थनेनं त्यांच्यासाठी एवढी एक वाट राखून ठेवली होती.

पण ती वाट फार हळू होती. एका दशकाला एरवी चार मिनिटं लागत, आता पंधरा लागू लागली. आम्ही नातवंडं कंटाळून आजोबांचा भाग भराभर म्हणून टाकायला बघायचो. आजी हातानं अडवायची. ‘त्यांचा आहे तो. म्हणू दे त्यांना.’ मग मणी दोन बोटांत धरून ती थांबायची. भाजी करपली, फोन वाजला, शेजारीण दारात आली तरी थांबायची. दुखण्यात आणि बरेपणात साथ देईन, हे वचन वेदीपुढे सगळेच देतात. ते प्रत्यक्षात कसं दिसतं असं मला कुणी विचारलं तर मी ती थांबलेली बोटं सांगेन. सहनशीलतेबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं, ‘सुवार्ता’ मासिकात, शिबिराच्या पुस्तिकेत. त्यात खोटं काही नव्हतं. आजीच्या थांबण्याइतकं पूर्ण मात्र काही नव्हतं.

2011 साली आजोबा गेले. त्यांच्या हातात गुंडाळायला आत्यानं हीच माळ काढली तेव्हा आजीनं ती परत मागून घेतली आणि कपाटातली नवी दिली. काही नातेवाइकांना ते खटकलं. आजी म्हणाली, ‘त्यांची म्हणून झाली. पोरांची व्हायचीय.’

आता ती माझ्याकडे आहे. मेक्सिकोत आणि फिलिपिन्समध्ये लग्नाच्या वेळी जोडप्याच्या खांद्यांवरून एक दुहेरी दोर घालतात, बऱ्याचदा तो जपमाळेसारखा मण्यांचाच असतो. आमच्याकडे तशी प्रथा नाही. आजीनं माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून माळ दिली, एवढंच. नवरा अंधेरीला शिफ्टमध्ये काम करतो. विरार लोकलमधून तो कधी आठला येतो, कधी साडेदहाला. पाच दशकं रोज होत नाहीत. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी आम्ही एकच दशक म्हणतो. मी हे जरा भीतभीतच आजीला सांगितलं होतं. तिनं विचारलं, दोघं असता ना? असतो म्हटल्यावर तिनं पुढे काही विचारलं नाही.

परवा गुरुवारी सांगायची पाळी कुणाची, यावरून आमचं सुरू झालं. काल मी सांगितलं, नाही, काल तू झोपली होतीस, परवाचं धरून मोजलं तर तुझी. दोघंही दमलेलो, दोघांनाही नुसतं उत्तर द्यायचं सोपं काम हवं होतं. तेवढ्यात सहा वर्षांच्या मुलानं स्टूल ओढून खिळ्यावरची माळ काढली, गुडघे टेकले आणि मोठ्यानं आनंदाचं पहिलं रहस्य जाहीर केलं. ‘अरे, आज गुरुवार, प्रकाशाचं,’ त्याचे बाबा म्हणाले. ‘राहू दे, त्यानं सुरू केलंय,’ मी म्हटलं. तो तोपर्यंत पहिल्या मोठ्या मण्यावरचा आपला भाग संपवून आमच्याकडे बघत थांबला होता.